इतिहासाची पदवी आणि प्राध्यापकीबाहेरची वाट : नोकरी नेमकी कशी शोधायची?

‘इतिहास पदवीधरांसाठी नोकऱ्या’ असं शोधलं की ठरावीक यादी समोर येते: शिक्षक, संग्रहालय, पर्यटन मार्गदर्शक, सरकारी परीक्षा. यादी खोटी नाही, पण ती विषयावरून बनवलेली आहे आणि विद्यापीठाबाहेरचे बहुतेक नोकरी देणारे विषय शोधतच नाहीत. त्यांना हवा असतो ढीगभर कागद वाचून त्यातलं कामाचं दोन पानांत मांडणारा माणूस. किंवा एकमेकांशी न जुळणाऱ्या जबान्यांमधून काय घडलं असावं हे सांगणारा, नोंदी अशा लावणारा की दुसऱ्यालाही सापडतील, अनोळखी माणसाला बोलतं करणारा. अशा जाहिरातीत ‘इतिहास’ हा शब्द नसतो, त्यामुळे ती आपल्यासाठी आहे हे इतिहासाच्या पदवीधराच्या लक्षातच येत नाही. म्हणून या लेखात सगळा भर एकाच गोष्टीवर दिला आहे: विषयाच्या नावाने शोधणं थांबवा आणि कामाच्या नावाने शोधा.

सुरुवातीला एक अडसर दूर करू. विद्यापीठाबाहेर पडणं म्हणजे हार मानणं, ही समजूत आपल्या विभागांमध्ये फार घट्ट बसलेली असते. २०११ मध्ये अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचे तेव्हाचे अध्यक्ष अँथनी ग्राफ्टन आणि कार्यकारी संचालक जेम्स ग्रॉसमन यांनी जाहीरपणे मांडलं होतं की, बाहेरच्या नोकऱ्यांना ‘प्लॅन बी’ म्हणणं बंद करा. प्राध्यापकांच्याच संघटनेने हे म्हणावं याला महत्त्व आहे. दुसऱ्या टोकाला, ‘गोल्डमन सॅक्सचे माजी प्रमुख लॉइड ब्लँकफाइन इतिहासाचेच पदवीधर, यूट्यूबच्या माजी प्रमुख सुझन वोजिस्की यांनीही इतिहास आणि साहित्यच शिकलं’ असे दाखले फिरत असतात. दाखले खरे आहेत. पण दोघंही हार्वर्डचे, आणि त्यांच्या यशाचा पदवीच्या विषयाशी लावलेला संबंध बराचसा बादरायण आहे. अशा यादीने उभारी येत असेल तर जरूर वाचा, पण तिच्यावर बेत आखू नका.

पहिली पायरी : केलेल्या कामाची झाडाझडती

बहुतेक जण थेट बायोडेटा लिहायला बसतात आणि ‘संशोधन कौशल्य, विश्लेषण क्षमता, उत्तम संवाद’ असे तीन शब्द लिहून अडकतात. हे शब्द सगळेच लिहितात, त्यामुळे ते वाचणाऱ्याच्या मनात काहीच उमटत नाही. आधी तुमचा एक प्रबंध, लघुप्रबंध किंवा मोठा प्रकल्प समोर घ्या आणि त्यात तुम्ही प्रत्यक्ष काय काय केलं ते क्रियापदांमध्ये लिहा. मोजलं, जुळवलं, पटवलं, टाकून दिलं, अनुवाद केला, परवानगी मिळवली, वगैरे.

समजा, तुमचा प्रबंध एका बंदरातल्या पन्नास वर्षांच्या व्यापारावर होता. विषय म्हणून तो बाहेर कुणालाही नको असतो. आता त्याच्या पोटात काय आहे ते बघा. तुम्ही जकातीच्या नोंदवह्या वाचल्या. त्यात एकाच व्यापाऱ्याचं नाव तीन तऱ्हेने लिहिलेलं होतं आणि तो एकच माणूस आहे की तीन, हे ठरवायला तुम्ही पत्ता, जामीनदार आणि जहाजाचं नाव ताडून पाहिलं. मधल्या सात वर्षांच्या वह्याच नव्हत्या, म्हणून ती पोकळी विम्याच्या कागदांवरून भरता येते का ते तपासलं आणि जिथे येत नव्हती तिथे तसं लिहिलं. वजनाची मापं मध्येच बदलली होती, ती एका मापात आणली. शेवटी हे सगळं एका तक्त्यात भरलं आणि त्यावरून तीन निष्कर्ष काढले.

हेच काम बँकेच्या अनुपालन विभागात, म्हणजे व्यवहार नियमांप्रमाणे होतात का ते बघणाऱ्या विभागात, रोज चालतं. एकच ग्राहक तीन नावांनी आहे का, गहाळ नोंदींचं काय करायचं, कुठल्या निष्कर्षाला किती पुरावा आहे, हे तिथलेही प्रश्न आहेत. तिथे त्याला डेटा क्लीनिंग, एंटिटी मॅचिंग आणि रिस्क असेसमेंट म्हणतात. आपण ज्याला साधनचिकित्सा, म्हणजे जुना कागद किती भरवशाचा ते पारखणं, म्हणतो, त्याची बाहेरच्या जगात किमान दहा वेगवेगळी नावं आहेत. ही नावं शिकून घेणं हा नोकरी शोधण्याचा निम्मा भाग आहे.

या यादीत ज्या कामाचा तुम्हाला कंटाळा आला त्यावर फुली मारायला विसरू नका. कुणाला दप्तरात तासन्‌तास बसायला आवडतं, पण लिहिताना जीव नकोसा होतो. कुणाचं नेमकं उलट असतं. मुलाखती घेताना ज्याला रंग चढायचा त्याने नोंदी लावण्याची नोकरी धरली, तर वर्षभरात तो पाट्या टाकायला लागतो. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने विद्यापीठाबाहेर गेलेल्या इतिहासकारांशी बोलून पाच गोष्टी पुढे मांडल्या: संवाद, एकत्र काम करणं, आकड्यांची जाण, बौद्धिक आत्मविश्वास आणि डिजिटल साक्षरता. पहिल्या आणि चौथ्या गोष्टीत आपली मंडळी सहसा तयार असतात. घोडं पेंड खातं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी. प्रबंध एकट्याने लिहायचा असतो आणि तक्ता दिसला की आपण पान उलटतो. या दोन उणिवांकडे पाचव्या पायरीत पुन्हा येऊ.

दुसरी पायरी : कामाचा नकाशा

सगळ्या शक्यता एकदम मांडल्या तर गोंधळ होतो, म्हणून त्या अंतराने लावून बघा. काही कामं इतिहासाला चिकटून आहेत, काही हाताच्या अंतरावर आहेत आणि काही इतकी दूर आहेत की तिथे इतिहास आहे हे सांगावं लागतं.

अगदी जवळ आहेत अभिलेखागारं, संग्रहालयं आणि वारसा-संवर्धन. इथे इतिहासाचा पदवीधर जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून इथे गर्दीही जास्त आणि जागा कमी. शिवाय अभिलेखागारात नुसतं इतिहासाचं प्रेम चालत नाही, ती स्वतंत्र विद्या आहे. कागद ज्या कार्यालयातून किंवा व्यक्तीकडून आले त्यांचा मूळ संच मोडायचा नाही, हे तत्त्व फ्रान्समध्ये १८४१ पासून लिखित आहे. आज वर्णनाच्या नोंदी कशा करायच्या याचं इंटरनॅशनल कौन्सिल ऑन आर्काइव्ह्जचं मानक आहे. ज्याला ही मानकं येतात त्याची अर्जांच्या ढिगात पहिल्याच चाळणीत निवड होते. ‘मी अभिलेखागारात खूप बसलो आहे’ एवढंच सांगणारा मागे राहतो. वाचक म्हणून टेबलाच्या या बाजूला बसणं निराळं आणि त्या बाजूला उभं राहणं निराळं.

हाताच्या अंतरावरचा टापू मला सगळ्यात समृद्ध वाटतो आणि तोच सगळ्यात कमी शोधला जातो. कंपन्यांची अभिलेखागारं घ्या. जर्मनीतल्या क्रुप या पोलाद कंपनीने १९०५ मध्येच स्वतःचं अभिलेखागार उभारलं. भारतात टाटा समूहाचं अभिलेखागार १९९१ पासून आहे. कंपन्या हे हौसेखातर करत नाहीत. बोधचिन्ह पहिल्यांदा कधी वापरलं, कुठल्या करारात काय कबूल केलं होतं, शंभराव्या वर्धापनदिनाला कुठली कहाणी सांगायची आणि कुठल्या कहाणीचा पुरावाच नाही, हे प्रश्न कायदा, जाहिरात आणि जनसंपर्क अशा तीनही विभागांतून येत असतात. सरकारी संस्थाही इतिहासकार ठेवतात. नासाचा इतिहास विभाग १९५९ पासून, म्हणजे संस्था स्थापन झाल्यावर वर्षभरातच सुरू झाला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची कागदपत्रं प्रसिद्ध करणारी मालिका तर १८६१ पासून चालू आहे. लष्कर, मध्यवर्ती बँका, मोठी रुग्णालयं, धार्मिक संस्था, क्रीडा संघटना या सगळ्यांकडे कागद असतात आणि ते कुणीतरी सांभाळावे लागतात.

न्यायालयांकडे तर आपलं लक्षच नसतं. ब्रिटिश लेखक डेव्हिड आयर्विंग यांनी इतिहासकार डेबोरा लिपस्टाट आणि पेंग्विन प्रकाशनावर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला, त्याचं उदाहरण मुद्दाम बारकाईने बघा. लिपस्टाट यांनी त्यांना होलोकॉस्ट नाकारणारा म्हटलं होतं आणि इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे ते खरं असल्याचं सिद्ध करण्याचं ओझं लिपस्टाट आणि प्रकाशकांवर होतं. बचाव पक्षाने केम्ब्रिजचे इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांना तज्ज्ञ म्हणून नेमलं. इव्हान्स आणि त्यांच्या दोन संशोधक साहाय्यकांनी काय केलं? आयर्विंग यांच्या तळटिपा घेतल्या, प्रत्येक तळटीप ज्या मूळ जर्मन कागदाकडे बोट दाखवत होती तो कागद काढला आणि मूळ मजकूर व पुस्तकातला मजकूर शेजारी ठेवला. कुठे शब्द गाळला, कुठे तारीख सरकवली, कुठे सोयीचा साक्षीदार घेतला आणि गैरसोयीचा वगळला, याची नोंद सातशेहून अधिक पानांच्या अहवालात झाली. एप्रिल २०००मध्ये निकाल लागला आणि आयर्विंग हरले. त्या साहाय्यकांनी वापरलेलं कौशल्य एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात सगळ्यांना शिकवतात: तळटीप तपासणं.

असे खटले अपवादाने होतात, पण त्याच जातीचं रोजचं काम भरपूर आहे. न्यूझीलंडमध्ये वैतांगी न्यायाधिकरण १९७५ मध्ये स्थापन झालं आणि १९८५ मध्ये त्याला ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी यांच्यातल्या १८४० च्या वैतांगी करारापासूनच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार मिळाला. तेव्हापासून माओरी समाजाच्या जमिनींच्या दाव्यांवर संशोधन अहवाल लिहिणं हा तिथे इतिहासकारांचा एक व्यवसायच झाला. ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांचे जमिनीवरचे हक्क मानणाऱ्या १९९३ च्या नेटिव्ह टायटल कायद्यानंतर तसंच झालं. प्रदूषित जमिनीवर पूर्वी कुठला कारखाना होता, धरणाआधी नदीचा वापर कोण करत होतं, हे शोधायलाही वकिलांच्या कचेऱ्या आणि पर्यावरण सल्लागार संस्था माणसं घेतात. चित्रं आणि पुराणवस्तूंची मालकी-साखळी शोधणं हा आणखी एक धागा. नाझींनी लुटलेल्या कलावस्तूंबाबत १९९८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ४४ देशांनी तत्त्वं मान्य केली. तेव्हापासून संग्रहालयं आणि लिलावगृहं यांना ‘ही वस्तू १९३३ ते १९४५ या काळात कुणाकडे होती?’ याचं उत्तर द्यावं लागतं. त्यासाठी जुन्या पावत्या, लिलावाच्या सूच्या आणि चित्राच्या मागचे शिक्के वाचणारा माणूस लागतो.

माध्यमं आणि प्रकाशनाबद्दल थोडक्यात: माहितीपटांसाठी संशोधन, चित्रसंशोधन, तथ्यपडताळणी, पाठ्यपुस्तकांचं संपादन. कामं रंजक असतात, पण मोबदला अनियमित असतो आणि ओळखीवर फार चालतं. शोधपत्रकारितेत मात्र आपल्या लोकांना अधिक वाव मिळायला हवा. परदेशी कंपन्यांत दडवलेली संपत्ती उघड करणाऱ्या २०१६ च्या पनामा पेपर्समध्ये सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवज होते. इतक्या कागदांपुढे न घाबरता कुठून सुरुवात करायची हे ठरवण्याचा सराव इतिहासवाल्यांना असतो.

दूरच्या टापूत येतात ड्यू डिलिजन्स, म्हणजे एखाद्या कंपनीशी व्यवहार करण्याआधी तिची पूर्वपीठिका खणून काढणं, धोरण संशोधन, सामाजिक संस्थांसाठी अनुदानाचे प्रस्ताव लिहिणं, तंत्रज्ञान कंपन्यांतलं युजर रिसर्च (वापरणाऱ्यांशी बोलून त्यांच्या अडचणी समजून घेणं) आणि नॉलेज मॅनेजमेंट (संस्थेतली माहिती सगळ्यांना सापडेल अशी लावणं). युजर रिसर्चचं नाव ऐकून दचकू नका. मौखिक इतिहास ही पद्धत अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात संस्था म्हणून उभी केली. ज्याने मौखिक इतिहासाच्या मुलाखती घेतल्या आहेत त्याला सूचक प्रश्न टाळणं, मुलाखत देणाऱ्याची संमती घेणं, आठवण आणि घटना यांतला फरक ओळखणं हे येतंच. अ‍ॅप वापरणाऱ्याला ‘शेवटचं कधी अडलात ते सांगा’ असं विचारून नंतर गप्प बसता येणं, हेच तिथे मुख्य काम आहे.

तिसरी पायरी : जाहिराती साधनासारख्या वाचा

अर्ज करण्याच्या आधी पंचवीस-तीस जाहिराती जमवा. त्यात अर्ज करायचाच नाही अशाही ठेवा. शोधताना पदांची नावं वापरा: रिसर्च अ‍ॅनालिस्ट, ड्यू डिलिजन्स असोसिएट, रेकॉर्ड्स मॅनेजर, डिजिटल अ‍ॅसेट मॅनेजर, मेटाडेटा स्पेशालिस्ट, टॅक्सॉनॉमिस्ट, युजर रिसर्चर, ग्रँट रायटर, प्रॉव्हेनन्स रिसर्चर, फॅक्ट चेकर, हेरिटेज कन्सल्टंट. एकाच कामाला दोन कंपन्या दोन नावं देतात, म्हणून कामाच्या वर्णनातले शब्दही शोधून बघा.

मग या जाहिरातींची तीच चिकित्सा करा जी तुम्ही एखाद्या सरकारी परिपत्रकाची कराल. कुणी लिहिली, मनुष्यबळ विभागाने की प्रत्यक्ष काम घेणाऱ्याने? पहिल्या प्रकारात गुळगुळीत शब्द असतात, दुसऱ्यात एखाद-दुसरं अगदी नेमकं वाक्य असतं, जसं ‘दर आठवड्याला तीन संक्षिप्त अहवाल’. ते वाक्य अधोरेखित करा, कारण खरी नोकरी तिथे आहे. कुठल्या अटी सगळ्या जाहिरातींत येतात आणि कुठल्या एखाद्याच ठिकाणी? वारंवार येणाऱ्या खऱ्या अटी, बाकीच्या इच्छा. ‘तीन वर्षांचा अनुभव’ पाहून लगेच माघार घेऊ नका. प्रबंधावर केलेलं सलग काम, प्रकल्प साहाय्यक म्हणून घालवलेला काळ हाही अनुभव आहे, फक्त तो तसा मांडायला हवा. मात्र एखाद्या विशिष्ट सॉफ्टवेअरचं किंवा भाषेचं नाव स्पष्ट असेल तर ती अट खरी समजा.

एवढं केलं की एक कागद तयार होतो: डाव्या बाजूला जाहिरातीतली क्रियापदं, उजव्या बाजूला पहिल्या पायरीतली तुमची. जिथे जोड्या लागतात ती तुमची दिशा. जिथे डावीकडे शब्द आहे आणि उजवीकडे रिकामं आहे ती तुमची उणीव.

चौथी पायरी : माणसांशी बोला, नोकरी न मागता

या पायरीला बहुतेक जण लाजतात, आणि खरं तर तिनेच सर्वांत जास्त फरक पडतो. तुमच्या विभागातून गेल्या दहा वर्षांत बाहेर पडलेले लोक कुठे आहेत ते लिंक्डइनवर शोधा. विभागप्रमुखांना विचारलं तर ते प्राध्यापक झालेल्यांचीच नावं सांगतील. कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना बाकीची ठाऊक असतात.

निरोप लहान आणि नेमका हवा. उदाहरणार्थ: ‘नमस्कार. मी इतिहासात एम.ए. केलं आहे, प्रबंध सार्वजनिक आरोग्याच्या नोंदींवर होता. तुम्ही इतिहासातून धोरण संशोधनाकडे वळलात हे प्रोफाइलवर वाचलं. रोजच्या कामात वेळ कशात जातो आणि सुरुवातीला काय नव्याने शिकावं लागलं, एवढे दोनच प्रश्न विचारायचे आहेत. वीस मिनिटं फोनवर बोलता येईल का? नोकरीची विनंती नाही.’ शेवटचं वाक्य लिहिलंत तर ते पाळाही. बोलणं संपवताना ‘आणखी कुणाशी बोलावं?’ एवढं विचारा आणि त्याच दिवशी आभाराच्या दोन ओळी पाठवा. काही महिन्यांनी जागा निघते तेव्हा तिथल्या माणसाला तुमचं नाव आठवतं. उत्तर न येणं हे नेहमीचंच, ते मनाला लावून घेऊ नका. एकदा आठवण करा आणि सोडून द्या.

अशा बोलण्यांत एक प्रश्न जरूर विचारा: ‘या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता?’ प्रत्येक कामाला तो असतोच. ड्यू डिलिजन्समध्ये एकाच साच्याचे अहवाल पुन्हा पुन्हा लिहावे लागतात, संग्रहालयात दिवसचे दिवस तक्ते भरण्यात जातात. तो भाग तुम्हाला सोसवणार असेल तर बाकीचं जमतं.

पाचवी पायरी : उणीव भरा, पण आणखी एक पदवी घेऊ नका

घाबरलेला पदवीधर आणखी एका अभ्यासक्रमाला नाव घालतो. अभिलेखशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, कायदा यांसारख्या क्षेत्रांत औपचारिक पात्रता लागते, तिथे ते योग्यच. बाकी ठिकाणी आधी एखादं हत्यार शिका आणि ते स्वतःच्याच जुन्या साहित्यावर चालवा.

पहिलं हत्यार स्प्रेडशीट. पिव्हट टेबल (मोठ्या तक्त्याचा गटवार सारांश), एकसारख्या नोंदी शोधणं, दोन तक्ते जोडणं आणि एक समजेल असा आलेख, एवढं आलं तरी पुष्कळ दारं उघडतात. हे शिकायला फार वेळ लागत नाही आणि ‘मला आकडे जमत नाहीत’ हे वाक्य कायमचं बंद होतं. त्यानंतर ज्याचा त्याचा मार्ग. नोंदींकडे जाणाऱ्याने मेटाडेटा, म्हणजे कागदाविषयीची माहिती ठरावीक साच्यात नोंदवणं, शिकावं. १९९५ मध्ये आकाराला आलेल्या डब्लिन कोर या मेटाडेटाच्या मानकाचे मूळ घटक फक्त पंधरा आहेत, शीर्षक, निर्माता, तारीख, हक्क वगैरे, आणि त्यावर हात बसला की पुढची किचकट मानकं सोपी जातात. जुनी हस्तलिखितं वाचणाऱ्याने ट्रान्सक्रायबससारखं हस्ताक्षर ओळखणारं साधन वापरून बघावं आणि ते कुठे चुकतं याची नोंद ठेवावी. ती नोंदच मुलाखतीत तुमच्या कामी येते. नकाशांची आवड असेल तर क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

एकत्र काम करण्याची उणीव मात्र अभ्यासक्रमाने भरत नाही. त्यासाठी कुठल्या तरी सामूहिक कामात शिरावं लागतं: प्रदर्शन उभारणं, परिषदेचं आयोजन, विकिपीडियावरच्या लेखांचा गट, नियतकालिकाचं संपादन. तिथे तुमचा भाग वेळेवर देणं, दुसऱ्याने तुमचा मजकूर अर्ध्यावर आणला तरी न चिडणं आणि मतभेद झाला तर तो कसा सुटला हे लक्षात ठेवणं. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

सहावी पायरी : एक नमुना तयार ठेवा

ऐंशी पानांचा प्रबंध कुणी वाचणार नाही. त्याऐवजी दोन पानांचं टिपण लिहा. पहिल्या परिच्छेदात निष्कर्ष, मग तो कशावर उभा आहे, मग तो किती पक्का आहे, शेवटी वाचणाऱ्याने काय करावं. आपल्याला आधी पूर्वपीठिका, मग आधीच्या अभ्यासांचा आढावा आणि मग हळूच स्वतःचं मत, अशी सवय लागलेली असते. बाहेर ती उलटी करावी लागते. सुरुवातीला हे फार उद्धट वाटतं. वाटू द्या.

नमुना त्या क्षेत्राला शोभणारा असावा. कंपनीच्या अभिलेखागारात जायचं असेल तर स्वतःच्या जवळच्या एखाद्या लहान संग्रहाची, एखाद्या क्लबच्या किंवा ग्रंथालयाच्या जुन्या कागदांची, नीट वर्णनसूची करा. युजर रिसर्चसाठी चार-पाच जणांच्या मुलाखतींवरून एक छोटा अहवाल. धोरण संशोधनासाठी आजच्या एखाद्या प्रश्नाची पन्नास वर्षांची पूर्वपीठिका. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांची संमती आणि ज्यांचे कागद वापरले त्यांची परवानगी घेतल्याचं नमुन्यातच एका ओळीत लिहा. सराईत वाचणाऱ्याचं लक्ष त्या ओळीवर जातं.

सातवी पायरी : बायोडेटा

अकादमिक सीव्ही वाढत जाते, नोकरीचा बायोडेटा कापत आणावा लागतो. एक किंवा दोन पानं. परिषदांची यादी, पुनरीक्षणं, मार्गदर्शकांचं नाव, बहुतेक सगळं बाहेर. प्रबंधाचं शीर्षक एका ओळीत ठेवा.

फरक दिसावा म्हणून तेच बंदराचं उदाहरण. आधीची ओळ: ‘बंदरातील सागरी व्यापाराचे सामाजिक-आर्थिक आयाम या विषयावर संशोधन.’ नंतरची ओळ: ‘दोन भाषांतील हस्तलिखित नोंदवह्यांमधून सुमारे १,२०० व्यवहारांचा तक्ता तयार केला, एकाच व्यापाऱ्याच्या वेगवेगळ्या नावांच्या नोंदी जुळवल्या, गहाळ वर्षांसाठी पर्यायी साधनं शोधली, निष्कर्ष इतिहासाबाहेरच्या श्रोत्यांसमोर मांडले.’ आकडे तुमचे खरेच हवेत. मुलाखतीत कुणीतरी विचारतंच, ‘बाराशे कसे मोजले?’ आणि तिथे अडखळलात तर बाकीचा बायोडेटाही संशयास्पद होतो.

प्रत्येक अर्जासाठी बायोडेटा नव्याने लिहायची गरज नाही. दोन-तीन दिशांचे दोन-तीन मसुदे ठेवा आणि जाहिरातीतल्या क्रियापदांप्रमाणे ओळींचा क्रम बदला. सोबतचं पत्र मात्र दर वेळी नवं हवं, आणि त्यात ‘लहानपणापासून इतिहासाची आवड’ नको.

आठवी पायरी : मुलाखत

एक प्रश्न ठरलेला: ‘इतिहास सोडून इकडे का?’ इथे इतिहासाला नावं ठेवणारे आणि विद्यापीठांच्या परिस्थितीवर भाषण देणारे दोघंही गुण गमावतात. उत्तर पुढे बघणारं असावं. ‘प्रबंधात मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे विस्कळीत नोंदींमधून एक भरवशाचं उत्तर काढणं. इथे तेच काम रोज आहे आणि त्या उत्तराचा उपयोग दुसऱ्या दिवशी होतो.’ एवढं पुरे.

दुसरी शंका उघडपणे विचारली जात नाही, पण असते: हा माणूस वेळेत काम संपवेल की परिपूर्णतेच्या मागे लागेल? तिचं उत्तर आपणहून द्या. एखादा प्रसंग सांगा जिथे वेळ कमी होता, साधनं अपुरी होती आणि तुम्ही ‘इतकं खात्रीने सांगता येतं, इतकं नाही’ असं म्हणून काम दिलं. अनिश्चितता झाकण्यापेक्षा तिची हद्द आखून देता येणं याची बाहेर फार किंमत आहे, आणि ती सवय आपल्याला वर्गातच लागलेली असते.

पैशाबद्दल आणि कराराबद्दल

वारसा, संग्रहालय आणि माध्यमं या क्षेत्रांत ‘अनुभव मिळेल’ म्हणून फुकट काम मागण्याची पद्धत आहे. मर्यादित कालावधीचं, शिकवणारं आणि शेवटी तुमच्या नावाने दाखवता येईल असं काही हाती येणारं असेल तर विचार करा. बाकीचं नाकारा. मोबदला विचारला म्हणून कुणी कमी इतिहासप्रेमी ठरत नाही.

स्वतंत्र काम घेणार असाल तर दर तासांवर की कामावर, हे आधी ठरवा. संशोधनाला किती वेळ लागेल याचा अंदाज हमखास कमी येतो, म्हणून कामाचे टप्पे पाडा: आधी साधनं आहेत का याचा छोटा अहवाल, त्याचे पैसे वेगळे, मग पुढचं काम. ‘शोधलं, पण सापडलं नाही’ हाही निकाल आहे आणि त्याचेही पैसे मिळतील हे करारात लिहून घ्या. कंपनी किंवा वकिलासाठी काम करताना गोपनीयतेचं कलम असतंच, म्हणजे तुमचं उत्तम काम तुम्हाला कुणालाही दाखवता येणार नाही. सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: कामाचं सर्वसाधारण वर्णन बायोडेटात करता येईल का, नावं पुसलेला नमुना ठेवता येईल का, आणि याच साधनांवर पुढे स्वतःचं काही लिहायचं झालं तर परवानगी कुणाकडून घ्यायची. तिन्हींची उत्तरं ईमेलवर लेखी मागून ठेवा.